खोटा काटा आणि तिसरा साक्षीदार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी जे सोडावे लागले ते येथे वाचकांसाठी भरून घेतले आहे.)



चिटणीस साहेबांनी मला विषय दिला नव्हता. "दहा मिनिटे काहीतरी उपयोगाचे बोला" एवढेच सांगितले होते. विषय मला पालकसभेत मिळाला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यानंतरची ती सभा होती. सभा संपल्यावर एक खाला मागे थांबल्या. त्यांचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. त्यांनी विचारले, "सर, पोरगा सुट्टीवर यायचाय. विमानातलं यंत्रच खोटं बोललं, तर चालवणाऱ्यानं करायचं काय?"

मी बी. ए., बी. एड्. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा मनुष्य. मी म्हणालो, "काही काळजी करू नका." उत्तर येत नसले म्हणजे शिक्षकाने द्यावयाचे हे ठरलेले उत्तर आहे. खाला "बरं" म्हणून गेल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे मला दिसले आणि माझेही झाले नाही. पुढे काही महिने मिळेल ते वाचीत गेलो. अहमदाबादच्या अपघाताविषयी मी येथे बोलणार नाही. तो निराळा विषय आहे. खालांचा प्रश्न खोट्या इशाऱ्यांचा होता, आणि त्याचे सर्वांत जवळचे, सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या मुंबईच्या समुद्रात घडलेले आहे.

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ जातीचे विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. एअर इंडियाने घेतलेले हे पहिले जंबो विमान. १९७१ साली आले होते आणि त्याचा मोठा बोलबाला झाला होता. त्या रात्री विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. विमान धावपट्टीवरून उठले, किनारा ओलांडून समुद्रावर गेले आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे थोडे वळले. वळण संपले, विमान सरळ झाले. नंतर ते डावीकडे कलू लागले आणि कलतच गेले. धावपट्टी सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

इंजिने चालू होती. वादळ नव्हते. प्रथम घातपाताचा संशय घेतला गेला. तोही टिकला नाही. मग झाले काय?

वैमानिकाच्या समोर एक गोल तबकडी असते, तिला कृत्रिम क्षितिज म्हणू. वरचा भाग आकाशाचा, खालचा जमिनीचा, मधली रेघ म्हणजे क्षितिज. विमान उजवीकडे कलले की ती रेघ तिरकी होते आणि विमान सरळ झाले की ती आडवी होते. बाहेर काही दिसत नसेल तेव्हा ही तबकडी म्हणजेच वैमानिकाचे डोळे. त्या रात्री मुख्य वैमानिकापुढची तबकडी बिघडली. विमान सरळ झाले तरी ती ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिली. म्हणून तो विमान सरळ करण्यासाठी डावीकडे फिरवू लागला, तरी तबकडी हलेना. म्हणून आणखी डावीकडे. तो तबकडीच्या सांगण्याप्रमाणे बरोबर वागत होता. तबकडी खोटी होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही विचाराल, एवढे मोठे विमान आडवे होत असता माणसाला अंगाला कळले कसे नाही? हे समजण्यासाठी फुगडी आठवा. जोरात फुगडी घालून एकदम थांबलात की अंगण उलट फिरू लागते. अंगण फिरत नसते. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत द्रव असतो. आपण फिरू लागलो की आधी नळ्या फिरतात आणि द्रव मागे राहतो. या फरकामुळे आपल्याला वळल्याचे कळते. एकाच गतीने फिरत राहिलो तर द्रवही नळ्यांबरोबर फिरू लागतो आणि वळल्याची जाणीव संपते. आणि कलणे जर फार सावकाश सुरू झाले तर ते कानाला मुळी कळतच नाही. दिवसा डोळे कानाची चूक दुरुस्त करतात. रात्री अंधाऱ्या समुद्रावर दुरुस्त करणार कोण? आमच्या ओळखीचे एक निवृत्त एस. टी. चालक आहेत, मलकापुराहून रत्नागिरीच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली. ते सांगतात की आंबा घाटात दाट धुके असले म्हणजे गाडी उतारावर आहे की चढावर हे कधीकधी समजत नाही, अंगावर विश्वास ठेवायचा नाही, कठड्याचे दगड मोजीत जायचे. घाटात कठडा असतो. समुद्रावर नसतो.

आता 'सम्राट अशोक'च्या कॉकपिटकडे परत जाऊ, कारण खरी गोष्ट तेथे घडली. तेथे तिघे होते: मुख्य वैमानिक, सहवैमानिक आणि त्यांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर. कृत्रिम क्षितिजेही तीन होती: एक मुख्य वैमानिकापुढे, एक सहवैमानिकापुढे आणि एक मध्यभागी, राखीव. मुख्य वैमानिकाने आपली तबकडी बिघडल्याचे बोलून दाखविले. म्हणजे त्याला शंका आली होती! सहवैमानिकाने आपल्या तबकडीकडे पाहिले. ती बहुधा खरेच दाखवीत होती, की विमान डावीकडे भलतेच कलले आहे. पण असे चित्र त्याने नेहमीच्या प्रवासी उड्डाणात पाहिलेले नसणार. आपलीही तबकडी कलंडली आहे असे त्याला वाटले आणि तसे तो म्हणाला. खऱ्या साक्षीदाराने आपणच खोटे असल्याचे सांगून टाकले. तिसऱ्याने, म्हणजे फ्लाइट इंजिनिअरने, मधल्या राखीव तबकडीकडे पाहिले आणि त्याच्या लक्षात आले. त्या तबकडीवर जाऊ नका, असे तो मुख्य वैमानिकाला ओरडून सांगू लागला. ध्वनिफितीत त्याचा आवाज आहे. त्यानंतर काही सेकंदांत ध्वनिफीत संपते. विमान फारसे उंच गेलेलेच नव्हते. सावरायला खाली जागा नव्हती.

भारतातील चौकशीत असे ठरले की तबकडी बिघडल्यावर मुख्य वैमानिकाला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही, त्याने चुकीच्या दिशेने नियंत्रण फिरविले आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरले गेले नाही. पुढे अमेरिकेतील न्यायालयात बोईंग व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा चालला, पण १९८५ सालच्या निकालात न्यायाधीशांनी त्यांना दोषी धरले नाही. कायद्याने जे ठरविले ते ठरविले. मला मात्र राहून राहून एकच विचार येतो: खरे सांगणारी दोन यंत्रे समोर होती आणि खरे ओळखणारा एक मनुष्य मागे बसला होता. कमी पडली ती फक्त वेळ.

यंत्र खोटे बोलायला लागते तरी कशाने? कारण नेहमी मोठे असते असे नाही. तुम्ही शाळेत पाहिले असेल, सुट्टीनंतर कुलपाच्या भोकात किल्ली जात नाही, कारण कुंभारीण माशीने आत मातीचे घर बांधलेले असते. विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढी एक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून ती वेग सांगते. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका तुर्की कंपनीचे बोईंग ७५७ विमान बरेच दिवस उभे होते आणि या नळ्यांवर टोपण घातलेले नव्हते. मुख्य वैमानिकाकडची नळी बुजली. ती अशाच माशीने बुजविली असावी असा तपासकांचा कयास आहे. ६ फेब्रुवारीच्या रात्री उड्डाणानंतर त्याचा वेगकाटा वाढत वाढत गेला, वेग फार झाल्याचा इशारा वाजला. प्रत्यक्षात वेग कमी होत होता. मग वेग फार कमी झाल्याचा इशाराही सुरू झाला. एकाच वेळी दोन इशारे, एक म्हणतो फार जोरात आहात, दुसरा म्हणतो पडता आहात! शेजारी सहवैमानिकाचा काटा बरोबर होता. १८९ माणसे गेली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशात याहून विलक्षण प्रकार झाला. विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहून गेली. रात्री समुद्रावर गेल्यावर उंची खोटी, वेग खोटा, इशाऱ्यांचा नुसता कल्लोळ. वैमानिकांनी शहाणपण केले: जमिनीवरच्या नियंत्रकाला विचारले की आमची उंची किती दिसते? त्याने पडद्यावरचा आकडा वाचून दाखविला, सुमारे ९७०० फूट. ते आणि यांचा काटा जुळला. पण नियंत्रकाच्या पडद्यावर उंचीचा आकडा येतो तो विमानातील त्याच यंत्राकडून! खोट्याने सांगितलेले दुसऱ्याने वाचून दाखविले आणि सगळ्यांना वाटले की दुजोरा मिळाला. त्या वेळी जमीन जवळ आल्याचा एक इशारा वाजत होता. तो निराळ्या यंत्राचा, खाली लहरी सोडून त्या परत येईपर्यंतचा वेळ मोजणारा, आणि तो खरा होता. विमान पाण्याला टेकले. ७० माणसे गेली. ही हकीकत वाचली त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. गावातल्या अफवा अशाच पक्क्या होतात हे आपण जाणतोच. चौघांकडून ऐकले म्हणतो आणि चौघांनीही एकाच्याच तोंडून ऐकलेले असते.

यावर कोणी म्हणेल की मग इशाऱ्यांकडे दुर्लक्षच करावे. तसेही चालत नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून ग्रीसकडे निघालेल्या एका विमानात खरा इशारा वाजला, आतली हवा विरळ होत असल्याचा. पण जमिनीवर असताना वेगळ्याच कारणासाठी वाजणारा भोंगाही अगदी तशाच आवाजाचा होता. वैमानिकांनी तो तोच समजला. प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले आणि १२१ जणांचा अंत झाला.

मग करायचे काय? खालांच्या प्रश्नाचे उत्तर येथून पुढे आहे.

पहिली गोष्ट, एकाने फक्त विमान चालवायचे. इशारा कितीही ओरडो, एकाचे हात आणि डोळे चालविण्यावरच हवेत. दुसऱ्याने तक्ता काढून एकेक ओळ वाचायची. दुसरी गोष्ट, काट्याविना चालविता येणे. वेगकाट्यावर भरवसा नसेल तेव्हा विमानाचे नाक किती अंश वर ठेवायचे आणि इंजिनाची शक्ती किती ठेवायची हे आकडे वैमानिकांना आधीच पाठ असतात. तेवढे केले की विमान सुरक्षित वेगात राहते आणि कोण खरे, कोण खोटे हे शोधायला उसंत मिळते. याचा सराव जमिनीवरच्या बनावट कॉकपिटमध्ये देतात. शिक्षक मुद्दाम काटा खोटा करतो. तिसरी गोष्ट पडताळा: तिन्ही यंत्रे पाहायची, आणि पेरूची आठवण ठेवून त्यांतील दोन एकाच नळीवर चालत नाहीत ना, हेही पाहायचे.

घाई मात्र वाईट. ३० जुलै १९९२ रोजी न्यूयॉर्कला एक मोठे विमान धावपट्टीवरून नुकतेच उठले होते, तोच विमान पडत असल्याचा खोटा इशारा सुरू झाला. विमान सहवैमानिक चालवीत होता. त्याने ते मुख्य वैमानिकाच्या हाती सोपविले. त्याने क्षणात ठरवून ते पुन्हा धावपट्टीवर आदळले. विमान जळून खाक झाले, पण २९२ च्या २९२ माणसे जिवंत बाहेर पडली. चौकशीत निघाले की विमान उत्तम उडत होते.

याउलट ७ ऑक्टोबर २००८ चे उदाहरण पाहा. सिंगापूरहून पर्थला चाललेल्या क्वांटासच्या विमानात तिहेरी यंत्रे असूनही एका यंत्राच्या खोट्या आकड्यांनी संगणक फसला आणि त्याने स्वतःच विमानाचे नाक दोनदा खाली दाबले. इशारे तर उतरेपर्यंत वाजतच होते. सुदैवाने दिवस होता, बाहेर क्षितिज स्वच्छ दिसत होते. कॅप्टन केव्हिन सुलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाजणाऱ्या इशाऱ्यांपेक्षा बाहेरच्या क्षितिजावर विश्वास ठेवला आणि लिअरमंथ येथे विमान उतरविले. ३१५ जणांपैकी कोणी दगावले नाही. मात्र शंभरावर माणसे जखमी झाली, कारण पट्टा न बांधलेले लोक छतावर आदळले. पालकांनी एवढे आपल्या मुलांना जरूर सांगावे: दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधून ठेवा.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते ती यंत्रांहून अवघड आहे. धाकट्याने बोलणे आणि थोरल्याने ऐकणे. १९७७ साली तेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवरच धडकून ५८३ माणसे गेली, त्यानंतर जगभर वैमानिकांना हे शिकविण्याची पद्धत पडू लागली. शिकवावे लागते, कारण माणसाचा स्वभाव उलटा आहे. येथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी फळ्यावर राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याची सनावळी लिहिली. नोकऱ्यांतील पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूम १९०२ चा आणि कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगचे वर्ष १९०६; मी सन उलटेपालटे लिहिले. चाळीसएक मुलांनी ते उतरवून घेतले. वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत मात्र बरोबर आढळले. मी तिला बोलावून विचारले, "तुला माहीत होते तर वर्गात का बोलली नाहीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "सर, तुम्हाला कसं सांगायचं?" घरी आपण मुलांना थोरांपुढे तोंड उघडू नये असे शिकवितो, शाळेत मीही हाताची घडी, तोंडावर बोट असेच शिकवीत आलो. त्या मुलीचे उत्तर माझीच शिकवण होती.

इंडोनेशियातील उदाहरणात तिसऱ्या माणसाचे मोल फार स्पष्ट दिसते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेले लायन एअरचे नवे कोरे बोईंग ७३७ मॅक्स समुद्रात पडले, १८९ माणसे गेली. त्याचे कॅप्टन भव्ये सुनेजा हे आपल्या दिल्लीचे होते. एका खोट्या मापामुळे संगणक पुन्हा पुन्हा विमानाचे नाक खाली दाबीत होता, आणि असे करणारी एक व्यवस्था विमानात बसविली आहे हे वैमानिकांना सांगितलेलेच नव्हते. पण याच विमानात हाच बिघाड आदल्या रात्री झाला होता आणि ते सुखरूप उतरले होते! त्या रात्री कॉकपिटमध्ये जादा खुर्चीवर तिसरा वैमानिक प्रवास करीत होता. दोघे झगडत असताना पाहायला आणि बोलायला एक माणूस मोकळा होता. नाक दाबणाऱ्या मोटरचा स्विच बंद केला गेला आणि विमान आले. परंतु उतरल्यावर नोंदवहीत सगळी हकीकत लिहिली गेली नाही. स्विच बंद करावा लागला ही गोष्ट राहून गेली. सकाळच्या वैमानिकांना त्यामुळे काही कळले नाही. साडेचार महिन्यांनी, १० मार्च २०१९ रोजी, इथिओपियात तसेच दुसरे विमान पडून १५७ माणसे गेली, तेव्हा कुठे ती विमाने जगभर थांबविण्यात आली.

हे सर्व मी खालांना पुढच्या सभेत सांगितले, अर्थात थोडक्यात. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "तो मागं बसणारा तिसरा माणूस अजून असतो का?" मी म्हणालो की नाही, आताच्या प्रवासी विमानांत फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची राहिलेली नाही, त्याचे काम संगणकाने घेतले. तिसरी तबकडी मात्र आहे, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला शिकवितात. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पट्ट्याची गोष्ट पुन्हा विचारून घेतली आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी मुलाला फोन लावला.

ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे आणि बोलू लागली आहे. या वर्षी तिने हात वर करून माझ्या तीन चुका सांगितल्या. दोन खऱ्या निघाल्या. तिसऱ्या वेळी चूक तिचीच होती; आम्ही दोघांनी पुस्तक उघडून पाहिले आणि ती जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा वर होता.